मनगटावरचा ड्रायर

मी ड्रायर बोलतोय. केस वाळवायचा. इतकी फोड करून सांगावं लागतं, कारण सरकारदरबारी माझं नाव 'पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू' असं पडलंय. पूर्वी कुणी मला असं म्हटलं असतं तर मी तापलो असतो. पण तापायला वीज लागते, आणि पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत ती मला कोण देणार? इथे मी लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर, एका जाड पिशवीत पडून आहे. पिशवीच्या तोंडाला लाखेचं सील आहे. शेजारी एक फुटकं हेल्मेट आणि कुणाच्या तरी भांडणातला मिक्सर आहे.

मी मुळातच काळजीखोर. कारखान्यात साच्यातून माझे दोन अर्धे भाग निघाले, आत पंखा आणि तारेचं वेटोळं बसलं, स्क्रू आवळले गेले, आणि तपासणाऱ्या बाईने मला स्वतःच्या गालावर फुंकर मारायला लावली. तेव्हाही माझ्या मनात हेच, की बाईला भाजलं तर? तिने हसून मला खोक्यात टाकलं. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा बिनघोर दिवस असावा.

दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी एक पांढरा ड्रायर होता. अगदी माझ्यासारखाच, फक्त पांढरा. आप्पा आणि त्यांची बायको आम्हाला बघायला आले. आप्पांचं नवीन केशकर्तनालय उघडायचं होतं. आप्पांनी पांढरा उचलला.

"तो नको हो," बायको म्हणाली. "हेअर डायचे डाग पडले की घासत कोण बसणार? तुम्ही? काळा घ्या. मळखाऊ असतो."

आप्पांनी मुकाट्याने मला उचललं. बायकोपुढे शहाणपणा चालवणारा माणूस नव्हता तो. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. मी तर ती विसरूच शकत नाही.

दुकान दोन खुर्च्यांचं होतं. आरशाशेजारी एक खिळा, आणि त्यावर मी. तिथून मला माणसं अशी दिसली, जशी ती घरच्यांनाही दिसत नसतील. आरशासमोर बसला की माणूस आधी पोट आत घेतो, जसे काही केस पोटावरचेच कापायचे आहेत. मग भुवई उंचावून बघतो. एक कॅशियर यायचा. डोक्यावर जेमतेम चार केस, पण हट्ट असा, की ड्रायर जोरात लावा, नाहीतर बसत नाहीत. आप्पा गंभीर चेहऱ्याने ते चार केस चारी दिशांनी वाळवून द्यायचे. कॅशियर गेला की कात्री चालवणारा जोडीदार खो खो हसायचा. आप्पा म्हणायचे, "हसतोस काय? उद्या तुझ्यावरही ही वेळ येणार आहे."

एकदा माझी वायर मानेपाशी तुटली. ठिणगी उडाली, आप्पांचा अंगठा भाजला. त्यांनी ती स्वतः जोडली आणि त्या दिवसापासून वायर गुंडाळायची एक पद्धत लावून घेतली. माझ्या मुठीवर तीन घट्ट वेढे, उरलेल्या वायरीचा एक लांब फास, आणि प्लग वेढ्यांच्या आतून सरकवून पक्का. वायर मानेपाशी वाकत नाही, सुटत नाही. त्या फासाने दुकानात मी खिळ्यावर लटकायचो, आणि दुकानाबाहेर आप्पांच्या मनगटावर. कारण पिशवीत कात्र्या, वस्तरे, पाण्याचा फवारा. त्यांच्यात मला कोंबलं तर वायर पुन्हा तुटेल, हा त्यांना घोर. काळजीखोरांची जोडीच होती आमची.

"माझी वेणी कधी इतक्या मायेने घातली नाहीत," बायको म्हणायची.

"तुझी मान कुठे तुटलीय?" आप्पा म्हणायचे.

इतकी वर्षं रोज त्याच जागी वळून माझ्या वायरीला वळणच पडलं. प्लग काढला की ती आपली आपण मुठीभोवती येऊन बसायची.

जे दुकानात येऊ शकत नव्हते, त्यांच्याकडे आप्पा स्वतः जायचे. आजारी, म्हातारे, अंथरुणाला खिळलेले. त्यातले एक मास्तर. अर्धं अंग लुळं पडलेलं. गरम वाऱ्याला ते घाबरायचे, म्हणून आप्पा आधी मला आपल्या तळहातावर लावायचे, मग मास्तरांच्या चांगल्या हातावर, आणि मगच डोक्यावर. मास्तर शाळेतल्यासारखे म्हणायचे, "शाबास. बस खाली." उभा माणूस खाली बसून केस कसे वाळवणार? पण आप्पा क्षणभर टेकायचे.

त्या दुपारीही टेकले होते. मास्तरांच्या सुनेने दिलेला चहा त्यांनी घेतला, मला वेढे घातले, फास मनगटात अडकवला आणि पिशवी घेऊन जिना उतरायला लागले. लिफ्ट बंद होती. वरच्या वळणावर खिडकी, तिच्यातून ऊन येत होतं. खाली मात्र अंधार.

त्या इमारतीत एक फरारी लपलाय, अशी खबर पोलिसांना लागली होती. फिकट शर्ट, खांद्याला पिशवी, इतकंच वर्णन. तसे तर त्या रस्त्यावर पन्नास जण निघाले असते. पोलीस खालून वर येत होते, आम्ही वरून खाली. पुढे एक तरुण साहेब होते, मागे एक वयस्कर हवालदार.

"थांब! हात वर!"

आप्पा थांबले. पिशवी धप्पकन खाली पडली. आणि त्यांनी हात वर केले. दोन्ही. सांगितले तसे, ताबडतोब.

हात वर गेले तसा मीही वर गेलो. मी मनगटाला अडकवलेला होतो, जाणार कुठे? खिडकीतल्या उजेडापुढे मी आप्पांच्या हाताशी हेलकावत होतो. काळा. मला ओरडायचं होतं, मी ड्रायर आहे हो! पण प्लगशिवाय मला साधी फुंकरही घालता येत नाही.

एकच आवाज झाला. आप्पा पायरीवर बसले, जसे मास्तरांनी सांगितल्यावर बसायचे, आणि मग कलंडले. मी पायरीवर आपटलो, माझ्या तोंडाचा टवका उडाला.

हवालदार वाकले. त्यांनी आधी आप्पांच्या नाकाशी बोटं धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "ड्रायर आहे. केसांचा."

खोटं कशाला सांगू, साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. एखाद्या पोरासारखा झाला होता. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले असते, तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. पण त्यांनी घाम पुसला आणि ते साहेब झाले.

"वायर सोड त्याची," ते म्हणाले. "मूठ दिसू दे."

हवालदारांनी माझे वेढे सोडले. मनगटातून फास काढला. मला आप्पांच्या उजव्या हाताशी ठेवलं, मूठ तळव्याजवळ, तोंड जिन्याच्या खालच्या दिशेला. मग फोटो निघाले. वायर ओढून सरळ केली, सुतळीने आवळली, आणि मी पिशवीत गेलो. कागदावर आलं, की संशयिताने वस्तू पोलिसांवर रोखली. खरा फरारी पुढे दुसऱ्याच गावात सापडला, झोपेत. आणि आमच्या प्रकरणात ज्याला त्याला विचारावं तर ज्याने त्याने हात वर केले. त्यांना मात्र कुणी गोळी घातली नाही.

आप्पांची बायको ठाण्यात यायची. हवालदारांचं टेबल माझ्या कपाटाच्या भिंतीला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला ती भांडली. "माझा माणूस कुणावर साधा आवाज चढवत नव्हता, तो रोखेल काय?" तिने अर्ज केले, खेटे घातले, चपला झिजवल्या. मग एके दिवशी तिचा आवाजच बसला.

"मीच काळा घेतला," ती म्हणाली. "ते पांढराच घेत होते. पांढरा असता तर दिसलं असतं ना हो? पांढऱ्याला कुणी पिस्तूल म्हणालं नसतं."

हवालदारांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बोलले काही नाहीत.

त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला इतका राग आला! खरं काय ते फक्त तीन जणांना माहीत होतं. साहेब सांगणार नव्हते. हवालदारांना पोरीचं लग्न आणि पेन्शन दिसत होती. उरलो मी. आणि माझ्याजवळ पुरावा काय, तर वायरीचं वळण. तेच सुतळीने सरळ करून ठेवलेलं. मी रात्रंदिवस घाबरून असायचो. कपाटात उंदीर फिरायचे. त्यांनी वायर कुरतडली तर? नाही कुरतडली, तरी मी असाच सरळ पडून राहिलो आणि माझं वळणच मोडलं तर? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं लोक म्हणतात. गर्विष्ठाला टोमणा मारायला म्हणतात, मला ठाऊक आहे. पण मी ती म्हण मनात सारखी घोकत होतो.

शेवटी चौकशी बसली. खोली साधीच, एक लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा. टेबलामागे न्यायाधीशबाई, वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला साहेब आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला आप्पांची बायको. हवालदार भिंतीशी उभे. माझं सील तोडलं, सुतळी कापली. वायर टेबलावर पडली. सरळ. काठीसारखी सरळ.

वळण मोडलं, असंच मला वाटलं.

वकिलांनी मला उचललं, बोटं मुठीभोवती आवळली आणि भिंतीवर रोखलं. दाराजवळची एक बाई दचकून मागे सरकली. "बघा," वकील म्हणाले, "उजेडात, चार भिंतींत, ठाऊक असूनही माणूस दचकतो. जिन्यावर काय झालं असेल?"

आप्पांच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट केलं. "चालतो का हा?"

कुणालाच माहीत नव्हतं. शिपायाने मला प्लगला लावलं. इतक्या काळाने वीज आली, माझा पंखा खरखरला आणि मी तापलो. माझ्या पोटातून जुना वास बाहेर पडला, साबणाचा, क्रीमचा, आप्पांच्या दुकानाचा. बायकोच्या तोंडून हुंदका फुटला. बाईंनी मला चालूच ठेवलं. ती रडणं आवरेपर्यंत थांबायचं असावं त्यांना. तेवढ्यात माझी वायरही गरम झाली, मऊ झाली.

शिपायाने प्लग काढून मला टेबलावर ठेवलं. आणि वायर हलली. हळूच. आधी मानेपाशी एक वळण आलं, मग दुसरं. तिसरं अर्धंच आलं, पण आलं. वायर माझ्या मुठीला बिलगून बसली.

पंखा कुरकुरत होता. बाईंनी चष्मा वर सरकवून वायरीकडे पाहिलं.

"ही अशी का वळते?" बाईंनी विचारलं.

"ते तशीच गुंडाळायचे," बायको म्हणाली. "मुठीवर. मग मनगटात अडकवायचे. तुटू नये म्हणून."

"मग त्या दिवशी ती सुटी कशी?"

वकील उठले. "मॅडम, वायर आहे, कशीही वळेल..."

"मी सोडली."

हवालदार बोलले होते. साहेबांनी मान वळवली. हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मला सोडायला सांगितली, मी सोडली. मूठ झाकलेली होती मॅडम. बोटं घालायला जागाच नव्हती."

बाईंनी मला त्यांच्यापुढे सरकवलं. "कशी होती, दाखवा."

त्यांनी वेढे घातले. प्लगपाशी ते अडले.

"आतून," बायको म्हणाली. "आतून घ्यायचा."

त्यांनी आतून घेतला. फास आपल्या मनगटात अडकवला आणि न सांगता दोन्ही हात वर केले. मी त्यांच्या हाताशी हेलकावलो. ते तसेच उभे राहिले, आणि मग न्यायाधीशबाईंना नाही, आप्पांच्या बायकोला म्हणाले, "ताई, रंगाचं काही नव्हतं. त्यांनी फक्त आम्ही सांगितलं ते केलं होतं."

ती पदर तोंडाशी धरून त्या वर केलेल्या हातांकडे बघत राहिली.

निकाल अजून लागायचा आहे. साहेब रजेवर आहेत म्हणे. हवालदारांचं टेबल रिकामं आहे, त्यांची बदली झाली की आणखी काही, कुणी धड सांगत नाही. मी पुन्हा पिशवीत आहे, नवीन सील, तोच शेजारचा मिक्सर. फरक इतकाच, की या वेळी माझे वेढे तसेच ठेवलेत. बाईंचा तसा हुकूम आहे.

काळजी गेलेली नाही. वरच्या साहेबांना वाटलं तर? पुन्हा कुणी सुतळी आणली तर? पण तुम्ही आता ऐकलंय, तेव्हा एक मागणं तुमच्याकडेही. निकाल लागला, की मला त्या दुकानातल्या खिळ्यावर नेऊन टांगा. कुणी विचारलं, हा कुणाचा, तर सांगा, हात वर केलेल्या माणसाचा. आणि वायर सोडू नका.