सासूबाई काहीच गाळत नाहीत

आमच्या छापखान्यातली अक्षरे हाताला लागतात. जाड कागदावर ठिपके उठवणारे यंत्र तळमजल्यावर दिवसभर खडखडत असते, आणि त्यातून निघालेले प्रत्येक पान वरच्या मजल्यावर, मुद्रितशोधनाच्या खोलीत, दोन माणसांपुढे येते. त्यांपैकी एक मी. मी मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट. माझ्यासमोर बसलेली ताई तेच पान बोटांनी वाचते, आणि जेथे माझे तोंड व तिचे बोट यांचे जमत नाही तेथे ती टेबलावर टिचकी मारते. ताईला जन्मापासून दिसत नाही. गेल्या बारा वर्षांत तिच्या किती टिचक्या वाया गेल्या हे मी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवीन; आणि त्यांतल्या दोन माझ्या खोकल्यामुळे वाया गेल्या.

या कामाखेरीज छापखान्याची ईमेलपेटीही तिच्याकडे होती. शाळांच्या मागण्या, ग्रंथालयांच्या तक्रारी, आणि त्यांच्याबरोबर वाहत येणारा गाळ : टकलावर केस उगवणारी तेले, कधीच न निघालेल्या सोडतींची बक्षिसे, सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी माणसांची अकस्मात उफाळलेली माया. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात ती हे सारे धान्यातल्या खड्यांसारखे निवडून टाकी. तिचा संगणक बोलका होता. पडद्यावर जे जे असेल ते तो एका कोरड्या, ठसक्याच्या बायकी आवाजात वाचून दाखवी. त्या आवाजाला ताईने नाव ठेवले होते 'सासूबाई'. तिच्या खऱ्या सासूबाई इतक्या मवाळ की शेजारच्या घराला आग लागली तरी आज जरा उबदार वाटते आहे, एवढेच त्या म्हणतील. ही उणीव दैवाने यंत्रात भरून काढली, असे ताईचे म्हणणे. यंत्रातल्या सासूबाई काहीच गाळत नसत आणि कोणाचीच भीड धरत नसत.

एक महिन्यापूर्वी मात्र विपरीत घडले. आम्ही ज्यांना पुस्तके पुरवतो अशा चाळीसएक शाळांना एका सकाळी आमच्याच पत्त्यावरून वजन घटवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात गेली. एका मुख्याध्यापिकेने फोन करून विचारले की, ठिपक्यांची पुस्तके फार जड होतात अशी तक्रार मी मागे केली होती, हा त्यावरचा उपाय समजायचा का. आम्ही सगळे हसलो. व्यवस्थापक हसले नाहीत. तीनच महिन्यांपूर्वी रुजू झालेला, कष्टाळू, टापटिपीचा गृहस्थ. दोष एवढाच की ठपक्याची त्यांना फार धास्ती. त्यांनी अनुमान बांधले ते असे : पत्र आमच्या पत्त्यावरून गेले, म्हणजे आमच्या यंत्रातून गेले, यंत्रातून गेले, म्हणजे कोणी तरी घातक पत्र उघडून चोराला घरात घेतले, आणि पत्रे जी उघडते तिला दिसत नाही.

या साखळीची पहिलीच कडी कच्ची होती. ताईने तेव्हाच सांगितले की ईमेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणारा स्वतः लिहितो, पाकिटाच्या पाठीवर लिहावा तसा. तेथे दुसऱ्याचे नाव लिहू लागला तर त्याचा हात कोणी धरत नाही. त्या गोळ्या कोठल्या तरी तोतयाने आमचे नाव लावून वाटल्या होत्या. मीही तावातावाने हेच मांडले, आणि मला शंका आहे की माझ्या तावानेच तिची बाजू लंगडी झाली. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आदेशाचा मसुदा केला : येत्या सोमवारपासून ईमेलपेटी व्यवस्थापक स्वतः पाहतील, ताई केवळ मुद्रितशोधन करील.

त्या संध्याकाळी जिना उतरताना ताई मला म्हणाली की पेटी गेल्याचे दुःख नाही, उलट डोक्याचा ताप जाईल. पण पेटी जाताना मागे एक वाक्य ठेवून जाईल : हिला दिसत नाही म्हणून चोर शिरला. ते वाक्य आदेशात लिहिलेले नसेल, म्हणून ते कधी खोडताही येणार नाही. तिच्यामागून या छापखान्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आंधळ्या उमेदवाराच्या आधी ते आत जाऊन बसलेले असेल.

सोमवार उजाडण्याआधी गुरुवार आला. दुपारी दोनच्या सुमारास व्यवस्थापक आमच्या खोलीत शिरले ते जवळजवळ धावतच. आदल्या दिवशी आम्ही परीक्षा मंडळाची गणिताची प्रश्नपत्रिका तपासून पुरी केली होती. दहा दिवसांनी तीनशे बारा दृष्टिहीन परीक्षार्थी ती बोटांनी वाचणार होते. मूळ प्रत मोहोरबंद पाकिटातून माणसाच्या हाती आली होती. तिची फाइल कोणत्याही तारेला न जोडलेल्या एका संगणकात होती, आणि त्याचा परवलीचा शब्द एकट्या ताईला ठाऊक होता. कारण शेवटचा वाचक तोच राखणदार, असा आमच्याकडे जुना नियम आहे.

व्यवस्थापकांनी सांगितले की परीक्षा नियंत्रकांचे पत्र आले आहे. सातव्या प्रश्नात चूक राहिली आहे. ताडून पाहण्यासाठी संपूर्ण फाइल या पत्राच्या उत्तरादाखल चारच्या आत पाठवावी. माणूस धाडण्याइतका अवधी नाही. ताईने विचारले, चूक कोणती? ती पत्रात दिलेली नव्हती. सातवा प्रश्न आपण तीनदा वाचला आहे, असे तिने सांगितले. यावर व्यवस्थापक जे बोलले ते बिनतोड होते, हे मी मान्य केलेच पाहिजे : आपण मूळ प्रतीशी ताडतो, मूळ प्रतच चुकली असेल तर आपल्या तीन वाचनांनी ती सुधारत नाही.

ताईने पत्र वाचून दाखवायला सांगितले. सोमवारच्या तयारीसाठी छापखान्याची पेटी त्यांनी आपल्या मोबाइलवरही जोडून घेतली होती, आणि ताई सकाळनंतर मुद्रितांतच गुंतलेली असल्याने हे पत्र आधी त्यांनाच दिसले होते. त्यांनी मोबाइलवरून वाचले : नाव, हुद्दा, विषय, मजकूर, खाली सही आणि शिक्का.

"हे तुम्ही डोळ्यांनी वाचलंत, साहेब," ताई म्हणाली. "आता सासूबाईंना वाचू दे."

डोळसांच्या पडद्यावर ईमेल उघडले की पाठवणाऱ्याचे नाव ठसठशीत दिसते आणि बाकीचा तपशील एका इवल्या बाणाखाली दडवलेला असतो. पाहुणे येताच घरातली मोडकी खुर्ची पडद्याआड सारावी तसा. ताईने फार पूर्वी आपल्या यंत्राला बजावून ठेवले होते की कोणत्याही पत्राआधी चार गोष्टी बोलायच्या : नाव, पत्ता, उत्तर कोठे जाणार ते, आणि मग विषय. एरवी सासूबाई इतक्या भरधाव बोलतात की मला एक शब्द कळत नाही. साहेबांसाठी तिने त्यांचा वेग निम्म्यावर आणला.

आधी नाव आणि हुद्दा झाला. मग पत्ता, एकेक अक्षर सुटे करून. व्यवस्थापक मान डोलावत होते, कारण पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर होता. मग त्याच कोरड्या आवाजात आले, 'उत्तर येथे जाईल', आणि त्यापुढे भलताच पत्ता : कोणालाही फुकट मिळते तसल्या पेटीचा, मध्ये नऊ आकडे असलेला. त्यानंतर, 'चित्र, वर्णन नाही. चित्र, वर्णन नाही. चित्र, वर्णन नाही.' ही तीन चित्रे म्हणजे मंडळाचे बोधचिन्ह, गोल शिक्का आणि निळ्या शाईतली सही. व्यवस्थापकांना जिना धावत चढायला लावले ते याच तिघांनी. ताईच्या कानाला ते तीन रिकामे खोके होते.

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. पण लगेच सावरला. आपण खात्री केल्याखेरीज आलो नाही, नियंत्रकांच्या कचेरीला फोन करून विचारले आणि त्यांनी दुजोरा दिला, असे ते म्हणाले.

"कुठल्या नंबरवर फोन केलात?"

"पत्राखाली आहे त्याच."

"मग झालंच की. चोर चोर मावसभाऊ. एकानं पत्र लिहिलं, दुसऱ्यानं फोन उचलला."

आता मात्र त्यांचा आवाज चढला. पत्र खरे निघाले, तीनशे बारा मुलांच्या हाती चुकीचा प्रश्न गेला, तर जाब कोणाला विचारतील? ताईला नाही, त्यांना. हे खरे होते, आणि त्यांच्या कपाळावरचा घामही खराच होता. ताईने तारेविना बसलेल्या त्या संगणकावर तळहात ठेवला.

"फाइल मी देणार नाही. सोमवारचा आदेश हवा तर आज काढा. पण दारावर आहे तोवर राखण मी करणार."

मी उठून लोखंडी कपाटातून मंडळाशी झालेला मूळ करार काढला. त्यावर नियंत्रकांच्या कचेरीचा नंबर टंकलेला होता, आणि तो पत्राखालच्या नंबराशी जुळत नव्हता. फोन लावला. तेथल्या कारकुनाने सांगितले की साहेब परीक्षाकेंद्र पाहायला गेले आहेत. मी सारी हकीकत सांगितली, त्याने ती शब्दशः उतरून घेतली आणि निरोप पोचवण्याचे कबूल केले. तेव्हा दोन पस्तीस झाले होते.

वाट पाहणे ज्याच्या त्याच्या स्वभावावर असते. व्यवस्थापक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. ताईने मला भूगोलाचे अर्धवट राहिलेले प्रकरण पुढे वाचायला सांगितले. मी नद्या वाचू लागलो, तिची बोटे ठिपक्यांवरून सरकू लागली. त्या तासाभरात तिने चार टिचक्या मारल्या, चारही अचूक.

तीन वीसला सासूबाई पुन्हा बोलल्या. त्याच नावाने, त्याच पत्त्यावरून स्मरणपत्र आले होते : फाइल अद्याप पोचलेली नाही, विलंबाची वैयक्तिक जबाबदारी आपल्यावर राहील. तोतयाने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. व्यवस्थापकांनी वळून ताईकडे पाहिले. मला वाटले, आता हे यंत्रच उचलून नेतात की काय. पण तेवढ्यात सासूबाईंनी 'उत्तर येथे जाईल' म्हणून तेच नऊ आकडे म्हणून दाखवले, आणि साहेब होते तेथेच थांबले.

तीन चाळीसला फोन वाजला. व्यवस्थापकांनी सगळ्यांना ऐकू येईल असा तो टेबलावर ठेवला. स्वतः नियंत्रक बोलत होते. त्यांनी कोणतेही पत्र लिहिलेले नव्हते. सातव्या प्रश्नात चूक नव्हती. त्यांनी विचारले, फाइल गेली का? व्यवस्थापक म्हणाले, नाही. पलीकडे एक लांब श्वास सुटला, तो आम्हा तिघांना ऐकू आला. पत्ता त्यांचाच होता, पण त्यांच्या तंत्रज्ञाने तपासून पाहिले होते : पत्र त्यांच्या कोणत्याही यंत्रातून निघाले नव्हते, कोणी तरी नुसते नाव लावले होते. त्या पत्राला उत्तर न देता ते जसेच्या तसे, प्रवासाच्या सगळ्या खुणांसह, आपल्याकडे पाठवावे, असे त्यांनी सांगितले. शेवटी विचारले की हे पकडले कोणी?

"आमच्या मुद्रितशोधक ताईंनी," व्यवस्थापक म्हणाले.

फोन ठेवला गेला. तळमजल्यावरचे यंत्र खडखडत होते. ताईने घसा साफ केला.

"साहेब, एक शंका आहे. पत्र नियंत्रकसाहेबांच्या पत्त्यावरून आलं. म्हणजे त्यांच्या कचेरीत कुणी तरी घातक पत्र उघडलं असणार."

"नाही हो, ते म्हणाले ना, पत्ता नुसता लावलेला..." आणि ते थबकले.

"असं कसं? पत्त्यावरून आलं म्हणजे यंत्रातून आलं. मग त्यांच्या कचेरीत आंधळं कोण आहे?"

तर्काच्या नावाखाली मी आयुष्यभर पुष्कळ वाद घातले आहेत. ज्याची साखळी त्याच्याच हाती देऊन ती एवढ्या थोडक्या शब्दांत तोडलेली मी दुसऱ्या कोठे पाहिली नाही.

व्यवस्थापक खाली गेले आणि पाच मिनिटांनी आदेशाचा मसुदा घेऊन परत आले. त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली, वर 'रद्द' लिहिले, आणि ताईला कळावे म्हणून तो शब्द मोठ्याने वाचला. मग दुसरा कागद वाचला. त्या चाळीस शाळांना जाणाऱ्या पत्रात म्हटले होते की गोळ्यांची जाहिरात आमच्या पत्त्याचे सोंग घेऊन कोणी परक्याने पाठवली होती; आमच्या कार्यालयातील कोणाकडूनही चूक झालेली नव्हती; आणि संशय घेण्यात आम्हीच घाई केली. हे शेवटचे वाक्य त्यांना कोणी सुचवले नव्हते. पत्र पोचल्यावर त्या मुख्याध्यापिकेचे उत्तर आले की खुलासा मान्य आहे, पुस्तके मात्र अजून जडच आहेत.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जो तो म्हणू लागला की अशा माणसांना सहावे इंद्रिय असते. यंत्रावरच्या काकांनी तर ताईकडे आपल्या हरवलेल्या किल्लीची चौकशी केली. या कौतुकाला माझा सक्त विरोध आहे. चमत्कार म्हटले की पद्धत शिकण्याची जबाबदारी टळते. येथे चमत्कार मुळीच नव्हता. प्रत्येक यंत्रात असलेली, पाच मिनिटांत बसवता येणारी एक सोय होती, आणि ती बसवून बारा वर्षे रोज तिचे ऐकणारी एक बाई होती. ताईने काकांना सांगितले की किल्ली त्यांच्या कमरेला वाजते आहे.

घरी तिने सारी हकीकत सांगितली तेव्हा तिच्या खऱ्या सासूबाई म्हणाल्या, आज जरा धावपळ झाली म्हणायची. दहा दिवसांनी तीनशे बारा परीक्षार्थींनी प्रश्नपत्रिका उघडली, आणि त्यांच्या बोटांआधी ती कोणाही परक्याच्या नजरेला पडली नव्हती.

सोमवार ठरल्याप्रमाणे आला. ईमेलपेटी ताईकडेच राहिली, आणि कार्यालयातले पाचही संगणक तिने आपल्या हाताने बोलके केले. व्यवस्थापकांचा सर्वांत शेवटी. सकाळी दहाला त्यांच्या खोलीतून तो कोरडा, ठसक्याचा आवाज येऊ लागला, अगदी संथ, अक्षर अक्षर सुटे करून. मध्येच तो थांबे; साहेब तीच ओळ पुन्हा ऐकत असावेत. ताईने बोटे पानावरच ठेवून क्षणभर कान दिला.

"सासूबाईंपुढे नव्या सूनबाई जरा बिचकताहेत," ती म्हणाली. "होईल सवय. वाच तू पुढे."