छप्पन्न कुरडया

“तुळजा राघोबा.”

बाईंचा आवाज शाळेच्या खिडकीतून रानात यायचा. चिंताकीच्या शाळेला लागून एक शेत होतं आणि खतासाठी त्या शेतात तुळजाच्या बापाच्या, राघोबाच्या मेंढ्या बसवल्या होत्या. सहावीतून अर्ध्यावर काढलेली तुळजा काठी धरून बांधावर उभी असायची. नाव ऐकलं की ती हळूच म्हणायची, “हजर, बाई.” एखादी मेंढी मान वर करून तिच्याकडं बघायची. चार दिवस नाव पुकारलं गेलं. पाचव्या दिवशी चंद्रकलाच्या पाठोपाठ बाईंनी दमयंतीचं नाव घेतलं. मधे जराही थांबल्या नाहीत.

तेवीस वर्षं झाली, पण हजेरीतली ती फट तुळजाच्या कानात तशीच होती. कुरडया घालताना, भाकर थापताना, केव्हाही ऐकू यायची.

आताही सोऱ्या दाबता दाबता तिचा हात थांबला होता.

“माय, चीक गार व्हायलाय,” प्रतीक्षा म्हणाली.

हळ्ळीखेडच्या त्या घराचं अंगण सकाळी नऊलाच तापलं होतं. बाजेवर जुनं पातळ अंथरलेलं, त्यावर ओल्या कुरडयांच्या ओळी. तुळजा कुरडई घालायची, प्रतीक्षा जागा दाखवायची. दोघींची शाळा अशीच भरायची. फळा नव्हता, घंटा नव्हती. बेरीज मेंढ्यांसारखी व्हायची, वीस मोजून झाले की एक खडा बाजूला. राघोबा संध्याकाळी वाघरीच्या, मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या, तोंडाशी असंच मोजायचा, आणि एक खडा कमी पडला तर त्याला भाकर गोड लागायची नाही. पाढे ओवीत बसवायचे. नसतील बसत तर बसतील असे करायचे. अकरा वर्षांची प्रतीक्षा आता मायीच्याही पुढं गेली होती, स्वतःच ओव्या रचायची.

सात ओळी घातल्या,
आठ आठ मांडल्या,
छप्पन्न लेकी सांडल्या
उन्हामधी.

“दोन विसा अन् सोळा,” तिनं दोन खडे ठेवले. मग हात पुसून तिनं सहावीचं गणिताचं पुस्तक ओढलं. शेजारणीच्या पोरीचं जुनं पुस्तक, कोपरे दुमडलेले. एका पानाशी ती थांबली. त्या पानावर आकड्यांच्या मधोमध एक अक्षर बसलं होतं.

“हे आज सांगतीस का?”

“उद्या,” तुळजा म्हणाली.

बारा दिवस ती हेच म्हणत होती. त्या पानाच्या आधीचं सगळं तिला येत होतं. त्या पानाच्या आधीच तिच्या बापानं तिला मेंढ्यांमागं घेतलं होतं. रोज दुपारी घरात सामसूम झाली की ती ते पान उघडून बसायची. आकड्यांत अक्षर कामून आलं, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

ओवीच्या नादात दारात स्कूटी कधी थांबली, ते दोघींना कळलंच नव्हतं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई ओवी संपेपर्यंत बाहेरच थांबून असावी, कारण आत आली ती हसतच. गेल्या वर्षी बदलून आलेल्या राजश्री बाई. मूळच्या निर्णा गावच्या. शाळेत न येणाऱ्या पोरांची यादी घेऊन सुट्टीत घरोघर फिरायचं काम त्यांच्यावर आलं होतं. चार दिवसांनी शाळा उघडणार होती आणि नावं उद्याच्या उद्या वर पाठवायची होती.

तुळजाच्या सासूनं, पद्माबाईनं, ओट्यावरूनच पाणी द्यायला सांगितलं. वर जोडलं, “आमच्या सूनबाईची शाळा घरातच हाय, बाई. पगार तेवढा मिळंना तिला.”

पाणी पिऊन बाईंनी प्रतीक्षाला जवळ बोलावलं, नाव विचारलं, वय विचारलं. मग सहज म्हणावं तसं म्हणाल्या, “सात आठं किती गं?”

प्रतीक्षानं मायीकडं बघितलं. तिच्यासमोर सात ओळींत छप्पन्न कुरडया वाळत होत्या.

“मला येत न्हाई.”

“आत्ता तर गात व्हतीस. मी दारातनं ऐकलं की.”

“ते गाणं हाय,” प्रतीक्षा खाली बघत म्हणाली. “गणित न्हाई. गणित शाळेत असतंय. मला ते जमत न्हाई.”

हे बोलताना तिला रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. आपला गाव कोणता, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. तुळजाच्या हातातला सोऱ्या तिथंच राहिला.

कुणी म्हटलं असं, हे बाईंनी विचारलं, तेव्हा पद्माबाईनं सगळं सांगून टाकलं. तीन वर्षांखाली पोरगी तिसरीत होती. बंडेप्पा गुरुजींनी सुनेला बोलावून घेतलं आणि म्हणाले, ही कच्ची आहे, वर्गात हिचा निभाव लागायचा नाही. तेव्हापासून घरीच. गुरुजी पुढं रिटायर होऊन कलबुर्गीला लेकाकडं गेले. पद्माबाईच्या मते गुरुजींनी खरं तेच सांगितलं होतं, उगा पोरीला मार खाऊ दिला नाही.

“असं म्हणाले गुरुजी?” राजश्री बाईंनी तुळजाला विचारलं.

तुळजानं मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही.

बाईंनी रुमाल पुन्हा बांधला. त्यांनी सांगितलं, उद्या दहाला पोरीला घेऊन या. वयाप्रमाणं सहावीत बसवता येईल, फक्त थोडं विचारून बघावं लागेल. आणि गुरुजींचं जुनं रजिस्टर कपाटात आहे, त्यात त्यांनी प्रत्येक पोराबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत, ते आज काढून बघते.

स्कूटी गेली. ओळीतल्या शेवटच्या कुरडयांना तडे जायला लागले होते.

संध्याकाळी तुळजाचा नवरा सुनीलकुमार हुमनाबादहून आला. तिथं तो ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होता. हाताचं ग्रीस राखेनं घासता घासता त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाई चालून घरी आल्या, नाही कशाला म्हणायचं. कच्ची तर कच्ची, मागच्या बाकावर बसंल, चार पोरींत राहील. प्रतीक्षा जवळच ज्वारी निवडत बसली होती. कच्ची हा शब्द आला तेव्हा तिचे हात थांबलेही नाहीत.

तुळजा चुलीकडं तोंड करून बसली होती. तिला तो दिवस आठवत होता.

बंडेप्पा गुरुजींनी बोलावलं होतं हे खरं. व्हरांड्यात खुर्ची द्यायला लावली होती, हेही खरं. शाळेत तिला कुणी खुर्ची देण्याची ती पहिलीच वेळ. गुरुजी म्हणाले होते, “आक्का, पोरगी लई हुशार हाय. पाचवीनंतर हिला मोठ्या शाळेच्या परीक्षेला बसवू. तिथं ऱ्हायचं, जेवायचं, शिकायचं, समदं फुकट. आत्तापास्नं तयारी करून घेतो.” तुळजा हसली होती. गुरुजींच्या पाया पडली होती. मग घराकडं चालायला लागली.

त्याआधीची दोन वर्षं कोरोनाची. शाळा बंद, आणि प्रतीक्षाची पहिलीची, दुसरीची पुस्तकं घरात. मायलेकी भिंतीला टेकून बसायच्या. लेक अक्षर गिरवायची, आणि मायीला गंजलेलं सगळं परत आठवायचं. विसरलेल्या कविता सापडायच्या. एकदा हातच्याची वजाबाकी बरोबर आली म्हणून तुळजा एकटीच स्वयंपाकघरात हसली होती. शाळा उघडली तेव्हा लेक पुस्तकं दप्तरात घालून निघून गेली. भिंतीशी टेकलेली जागा दिवसभर रिकामी राहू लागली.

त्या दिवशी वाटेत एक कळप बसला होता. कुणा परक्याच्या मेंढ्या होत्या. तुळजा बांधाशी थांबली. लेक पाचवीनंतर जाईल. पुस्तकं तिच्याबरोबर जातील. एवढंच मनात आलं, आणि घर येईपर्यंत दुसरं काही आलंच नाही.

दारात पद्माबाईनं विचारलं, काय म्हणाले गुरुजी?

“कच्ची हाय म्हणाले,” तुळजा बोलून गेली. “वर्गात निभायची न्हाई.”

दुसऱ्या दिवशी खरं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा घरी राहिली, दोघी भिंतीला टेकून बसल्या, आणि दिवस फार चांगला गेला. मग रोजच चांगला जात राहिला. गुरुजींनी दोनदा निरोप धाडला, तेव्हा पोरगी मामाच्या गावाला गेली, असं कळवलं. दाराआडून प्रतीक्षानं काय ऐकलं आणि त्याचं मनात काय केलं, हे तुळजानं कधी विचारलं नाही. लेक घरात गायची, हसायची, पाढे ओवीत बसवायची. जमत न्हाई, हे तिच्या मनात एवढं खोल गेलंय, हे आज सकाळी बाजेपाशी पहिल्यांदा दिसलं.

“माय, तवा जळायलाय,” प्रतीक्षा मागून म्हणाली.

सकाळी प्रतीक्षानं आपली वेणी आपणच घातली. दप्तर घेतलं नाही. निघताना पद्माबाईनं तिच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, न्हाई आलं तर न्हाई आलं म्हणावं, कुणी खात न्हाई. दोघी लाल मातीच्या वाटेनं निघाल्या. ऊन आत्ताच डोळ्यांत घुसत होतं. पोरीनं मायीचा हात धरला होता, तळहात घामानं ओला.

शाळा दिसायला लागली तशी ती म्हणाली, “बाईंनी विचारलं तर तूच आधी सांग.”

“काय सांगू?”

“मी कच्ची हाय म्हणून. मग मला लई न्हाई विचारणार.”

तुळजा काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात फाटक आलं आणि राजश्री बाई व्हरांड्यातून हात करताना दिसल्या.

व्हरांडा तोच होता, खुर्चीही बहुतेक तीच. बाईंनी तुळजाला बसायला सांगितलं. ती बसली नाही. टेबलावर कापडी पाठीचं एक जुनं रजिस्टर उघडं होतं. पानाला वाळवी लागली होती, पण मधला मजकूर शाबूत होता. लाल शाईच्या दोन ओळी. गुरुजींचं अक्षर मोठं, टपोरं. तुळजाला ते उलट्या बाजूनंही वाचता आलं.

बाईंनी त्या ओळींवर तळहात ठेवला. त्या तुळजाकडं बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तुळजाला सोपं गेलं असतं.

“आक्का,” त्या हळूच म्हणाल्या, “हे मी वाचू, का तुम्ही सांगताव?”

शाळेमागं कुठंतरी पंपाचा आवाज चालू होता. प्रतीक्षा दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. बाईंनी तळहात पानावरून उचलला नाही, आणि त्या थांबल्या. तुळजाला वाटलं, आता थांबणं संपलं की बाई पुढचं नाव घेतील.

ती लेकीसमोर खाली बसली. फरशी तापलेली होती.

“गुरुजी तसं म्हणाले न्हवते, बाळा.”

“कसं?”

“कच्ची हायस, असं. ते म्हणाले हुशार हाय. लई हुशार हाय म्हणाले. मोठ्या शाळंत घालू म्हणाले. घरी येऊन मी उलटं सांगितलं. आजीला, तुझ्या अप्पाला. तुला बी.”

प्रतीक्षानं हात सोडवून घेतला. झटकला नाही, फक्त सोडवून घेतला, आणि फ्रॉकला पुसला. मग टेबलाशी गेली. बाईंनी तळहात बाजूला केला. पोरीनं लाल ओळींवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द न गाता वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचला.



“सात आठं छप्पन्न,” ती बाईंना म्हणाली. मग तशीच, पाठमोरी, मायीला म्हणाली, “कामून सांगितलंस?”

तुळजा फरशीवरच होती. शाळेचा वर्ग उघडा होता, आत बाकांवर सुट्टीची धूळ. ती त्या बाकांकडं बघत होती. इतक्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, बापाला नाही, नवऱ्याला नाही, बांधावरच्या मेंढ्यांनासुद्धा नाही.

“तू गेली असतीस तर पुस्तकं बी गेली असती,” ती म्हणाली. “मला शिकायचं व्हतं.”