ताईनं मोडलेलं व्हायोलिन

"वन्सं, आज ह्यांनी मला ओळखलं! लगेच या!"

वहिनी फोनवर रडत होती की हसत होती, काही कळेना. मी बोटांना लागलेली खळ पदराला पुसली आणि तशीच निघाले. पुस्तकं बांधण्यात माझा जन्म गेला. धाकटा भाऊ मात्र व्हायोलिन वाजवून जगभर नावाजला. आणि गेल्या वर्षापासून त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

त्याला परत आणलं ते सिनेमानं. त्याच्याच आयुष्यावर काढलेला सिनेमा वहिनीनं सहज लावून दिला, तर हा टक लावून बसला. मग रोज तोच. पडद्यावर लग्न झालं तशी त्याला बायको सापडली.

पण त्या सिनेमानं माझं डोकं केव्हाच भणाणलं होतं. लहानपणी त्याचं व्हायोलिन रागाच्या भरात आपटलं ते आमच्या बाबांनी. मी कामावरून सरस आणून ते जोडलं, वर दोरा गुंडाळला. सिनेमात सगळं उलटंच! आपटते मी, जोडतात बाबा. मी तणतणत दिग्दर्शकाकडे गेले, तर तो शांतपणे म्हणाला, "आजी, आडवा येणारा बाप प्रत्येक सिनेमात असतो. लोक जांभया देतात. बहीण आडवी आली की खुर्चीला खिळतात."

"अहो, पण मी नाही मोडलं!"

"नसेल. पण त्या पोराचं दुःख तुमच्यापर्यंत पोचलं की नाही, ते सांगा."

पोचलं होतं ना मेलं! थिएटरात मीच हुंदके देत होते. शेजारची बाई म्हणाली, "बहीण आहे की वैरीण!" आणि मी चक्क मान डोलावली. तेव्हापासून गोंधळच. बाबांचा हात आठवायला जावं, तर त्या नटीच्या बांगड्या दिसतात.

वहिनीनं दारातच अडवलं. "वन्सं, पाया पडते. ते काहीही म्हणाले तरी खोडून काढू नका. तुम्हाला फोन केल्यावर मी एवढंच म्हणाले, की आपलं लग्न सिनेमातल्यासारखं पावसात नव्हतं झालं. तासभर मला ओळखेनात."

तो खिडकीपाशी बसला होता. माझ्याकडे वळला. "ताई."

वर्षभरानं! मी धावतच जवळ गेले.

"बस ना. घाबरू नकोस." त्यानं माझा हात हातात घेतला. "का मोडलंस गं?"

अगदी तोंडाशी आलं होतं, अरे गाढवा, मी नाही, बाबांनी! वहिनी दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. खरं सांगावं तर भाऊ पुन्हा हरवणार. गप्प बसावं तर त्याच्या लेखी मी कायमची वैरीण. यातलं काय सोसवेल तेच मला कळेना. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, मोडलंही असेल मीच, कोण जाणे.

"चुकलं रे माझं," मी म्हणाले.

"जाऊ दे. मी कधीच माफ केलं." धाकटा असून त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याचे डोळे भरून आले. "बाबा होते म्हणून निभावलं बघ. किती माया होती नाही त्यांच्या हाताला?"

"हो रे," मी म्हणाले. "होती."