फुलांच्या दिवसांत बंद खिडकी

मी एक जुने शिलाई मशीन आहे. पायाने चालणारे, काळे, चाकाशी थोडे कुरकुरणारे. मित्रांनो, कुरकुर माझ्या स्वभावातच आहे, तेवढे सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघाले ते थेट या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आले. माझी मालकीण नर्सचे पांढरे गणवेश शिवायची, तेही ढीगभर. उजेड चांगला म्हणून तिने मला खिडकीशी ठेवले. बाहेर एक झाड होते. वसंतात ते आठ-दहा दिवस असे फुलायचे, की रस्त्याने जाणारी घाईची माणसेही थांबून वर बघत. आमची खिडकी मात्र नेमकी त्याच दिवसांत बंद व्हायची. ओल्या पाकळ्यांचे पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पडत आणि डागाळलेला गणवेश परत येई. मग लाकडी झडपा ओढून, भरदिवसा दिवा लावून आमचे काम चाले.

काळजी घ्यावी तर तिनेच. दर शनिवारी मला तेल मिळे. मी तापले की म्हणायची, "दमलं गं बाई हे, घेऊ दे जरा दम." आणि तेवढ्या वेळात ती हाताने बटणे लावायला घ्यायची. मला स्वतःचे भारी कौतुक वाटे. आता त्याची लाज वाटते.

एका वर्षी तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. डोळ्यांतला दाब वाढला होता. रोज औषधाचे थेंब घाला, डोळ्यांना विश्रांती द्या, गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी बजावले. लेक म्हणाली, "आई, आठ दिवस काम बंद ठेव. थेंब वेळेवर घाल, खाली झाडापाशी बस जरा."

"एवढे गणवेश जाऊ देत, मग बसते. झाड काय पळून जातंय?"

माझे तेल चुकले नाही. तिचे थेंब रोज राहून जायचे. झाड कुठेच गेले नाही, तिची नजर मात्र तीन वर्षांत आधी कडेची, मग सगळीच गेली.

यंदा शिवायला काही नाही, म्हणून झडपा उघड्या आहेत. काल वाऱ्याने पाकळ्या आत आल्या आणि तिच्या मांडीवर पडल्या. तिने एक चिमटीत धरली.

"कसला रंग आहे गं?"

"पांढरा. देठाकडे गुलाबी," लेक म्हणाली.

"गुलाबी?" तिने पाकळी बोटांत फिरवली. "मला आपल्या पिवळ्याच माहीत." मग तिने घाईघाईने मांडी झटकली. मांडीवर कापड नव्हते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, असे मी सांगणार नाही. आमचे सुटे भाग बाजारात मिळतात. तुमच्या घरी कुणी कामावर वाकलेले असेल, तर हाताला धरून उठवा. ते ऐकणार नाहीत, तरी उठवा. त्या आठ दिवसांत मी एकदा तरी बंद पडायला हवे होते. पण तिने मला इतके नीट ठेवले होते, की मी कधी बंद पडलेच नाही.