आखाजीचा डाव

साक्रीजवळच्या त्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोष्टी ठरलेल्या. पुरुष दिवसाढवळ्या पत्ते कुटतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. आणि वर्षाच्या बोलीने शेतात राबणाऱ्या सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं. झिपरूने बावीस आखाज्या अभिमननानांच्याच खळ्यात साल ठरवलं होतं. यंदा नानांनी अट घातली. त्यांचा मुलगा हितेंद्र पुण्याला असतो, त्याचं बाळ आठ महिन्यांचं. ते सांभाळायला झिपरूची किरण वर्षभर हवी.

"पोर धाडी दे, झिपरू. नही ते मी दुसरा सालदार देखस."

किरणने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. अकरावीला साक्रीच्या कॉलेजात घालतो, असा शब्द झिपरूने तिला दिला होता. आता तो मान खाली घालून उभा राहिला. नाही म्हणायला त्याची जीभच रेटेना. बावीस वर्षं नुसतं हो म्हटलं की माणसाचं असंच होतं.

तेवढ्यात हितेंद्र हसत पुढे आला. "नाना, आज आखाजी आहे, पत्त्यांवरच ठरवू. झिपरूभाऊ जिंकला तर किरणचं नाव काढायचं नाही, सालही कायम. मी जिंकलो तर परवा ती आमच्या गाडीत बसेल."

झिपरूच्या जिवात जीव आला. तीन पत्तीत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. हितेंद्रलासुद्धा लहानपणी त्यानेच शिकवलं होतं, बैलगाडीच्या सावलीत, चिंचोके लावून.

"पण तीन पत्ती नको," हितेंद्र म्हणाला. "पोकर खेळू. सोपा आहे, मी शिकवतो."

दोघांनी वीस-वीस भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. ज्याच्या संपतील तो हरला. हितेंद्रने अगदी मायेने समजावलं. हातात दोन पत्ते, ते लपवायचे. मधे पाच उघडे, ते दोघांचे. या सातांतले चांगले पाच निवडायचे. पहिल्यांदा तीन उघडतात, मग एक, मग शेवटचा. दर वेळी शेंगा लावायच्या, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यापेक्षा तीन सारखे मोठे.

"आणि ओळीने आले की रन, एका रंगाचे आले की कलर. ते तुला काय सांगायचं? तूच मला शिकवलंस."

झिपरूने खोदून खोदून विचारलं. एक्का राजाच्या वर का? पत्ते टाकले तर लावलेल्या शेंगा जातात का? सगळं विचारलं, एवढं एक सोडून. तीन पत्तीत रन कलरपेक्षा मोठा, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं.

समोर निंबाच्या झोक्यावर माहेरवाशिणींची गाणी चालली होती. किरण मात्र पारावर आईचा मोबाइल घेऊन बसली होती. पैज तिने ऐकली होती. चार-पाच डाव झाले, झिपरूच्या शेंगा वाढल्या, बघे त्याच्या पाठीवर थापा मारू लागले. तेवढ्यात ती धावत आली.

"बा, एक आयक ना. ह्या खेयमा..."

"जाय, झोका खेय! पत्तासमा बाईमाणूसनी बोलानं नही." सगळ्यांसमोर पोरगी शिकवायला आली याची त्याला लाज वाटली. हितेंद्रने तिच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि तोही गोड आवाजात म्हणाला, "जा बेटा, वडिलांना खेळू दे."

पुढच्याच डावात झिपरूच्या हातात अठ्ठी आणि नव्वी आली. मधे बदामचा गुलाम, बदामची दश्शी, इस्पिकची राणी उघडली. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. रन! मग चौकटची तिर्री आली, शेवटी बदामची दुर्री. हितेंद्रने आपल्या होत्या तेवढ्या सगळ्या शेंगा पुढे सारल्या आणि म्हणाला, "तूही सगळ्या लाव. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

झिपरूने पुंजकाच्या पुंजका लोटला आणि हसत पत्ते मांडले. हितेंद्रने आपले उलटले. बदामची पंजी, बदामची छक्की.

"कलर," झिपरू म्हणाला. "मना रन शे, भाऊ. मी जिकनू."

"पोकरमध्ये कलर मोठा." हितेंद्रने आपल्या मोबाइलवर खेळाचे नियम काढून ते त्याच्या नाकासमोर धरले. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

बघे खदाखदा हसले. नाना तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हितेंद्रने सगळ्या शेंगा झिपरूच्या टोपीत ओतल्या. "घे, पोरीला वाटेत खायला." आणि झिपरूने, मेल्याने, टोपी दोन्ही हातांनी धरली.

किरण पाराशी उभी होती. "मी तेच सांगाले उनथू, बा," एवढंच म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत मागे बसली, मांडीवर दुसऱ्याचं रडणारं बाळ. दप्तर घरीच राहिलं होतं. झिपरू खिडकीशी गेला. सासरी निघालेल्या लेकीला म्हणतात तेच तो बोलला.

"पुढला आखाजीले येजो, माय."

ती बाळाला थोपटत राहिली.

"झिपरूभाऊ, दार जोरात लाव," पुढून हितेंद्र म्हणाला. "नीट लागत नाही ते."

झिपरूने दार जोरात लावलं.