रिंकीचं अर्धं कीर्तन

नुसतं फिरायला म्हणून आमच्या घरातून कोणी कधी बाहेर पडत नसे. जाणं असायचं ते लग्नाला, तेरवीला, नाहीतर दवाखान्यात. नागपूरला पोरांना दाखवून आणू, असं मी म्हटलं की मामाजी, म्हणजे माझे सासरे मनीराम, विचारत, "काऊन? तेथं कोणी बिमार आहे का?"

आणि परवानगी मिळाली तरी थैली असायची.

धान चुरून, म्हणजे मळून, झालं की घरातला जो कोणी शहराकडे निघेल, त्याच्या हातात मामाजी नव्या तांदळाची थैली देत. तिथल्या नातेवाइकांसाठी. देण्यासाठी उंबऱ्याबाहेर काढलेला तांदूळ परत उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. एका घरी दिला की दुसऱ्या घरी कळतं, आणि दुसऱ्या घरी नाही गेलं तर पुढच्या लग्नात ते लोक तोंड फिरवून जेवतात. एका साली आम्ही पोरांना प्राणिसंग्रहालय दाखवायला नागपूरला गेलो आणि पाच घरी बसून आलो. प्राणिसंग्रहालयाची भिंत तेवढी ऑटोतून दिसली. आमच्या गावी, मुर्रीला परत आल्यावर मामाजींनी माझ्या धाकट्याला, धनेंद्रला विचारलं, "हत्ती कसा होता रे?" चार वर्षांचं पोर म्हणालं, "पोहे होते."

माझे मालक ओमेश्वर यावर पोटभर हसले. मी हसले नाही.

मग पुढच्या साली, दोन हजार सातच्या कार्तिकात, आमच्या देवळात सप्ताह बसला आणि आमगावकडच्या सावित्रीबाई कीर्तनाला आल्या. मी लहानपणापासून कीर्तनात वाढलेली. माझ्या माहेरी टाळांचा आवाज आला की चुलीवरची भाकर करपायची, तरी कोणी काही बोलायचं नाही. पण सावित्रीबाईंसारखं आख्यान मी ऐकलं नव्हतं. त्या ध्रुवाची गोष्ट सांगत होत्या. बापाच्या मांडीवर बसलेलं पोर सावत्र आईनं हात धरून उठवलं, तिथं त्या थांबल्या आणि नुसती झांज वाजत राहिली. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. पुढे ध्रुव रानात निघाला, तेव्हा मागच्या रांगेतले तिघं जेवणाची वेळ झाली म्हणून उठले. बाईंनी पद तोडलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "गोष्टीतलं लेकरू रानात उभं असताना ऐकणाऱ्यानं घरी जाऊन जेवू नये. देव त्याला जागा देईल, मग तुम्हीही उठा."

तिघंही मुकाट्यानं बसले.

माझी रिंकी तेव्हा सात वर्षांची होती. ती मांडी घालून अगदी पुढे बसली होती. पण नेमकं तेव्हाच धनेंद्रनं रडं काढलं आणि मी दोघांना घेऊन घरी आले. देवानं ध्रुवाला कशी जागा दिली, ते तिचं ऐकायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाजी अंगणात खाटेवर बसले होते. धनेंद्र नेहमीसारखा त्यांच्या मांडीवर, आणि रिंकी बाजूला त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी. तिची जागा तीच होती. मामाजी मनानं वाईट नव्हते, त्यांना ते दिसतच नव्हतं.

"आबाजी, ध्रुव कोठं आहे आता?" तिनं विचारलं.

"वर. उत्तरेले. हालत नाई तो जागचा."

रिंकीनं उत्तरेला पाहिलं. आमच्या घराच्या उत्तरेला राईस मिल आहे. हंगामात तिचे दिवे आणि कोंड्याचा धूर, यात आभाळ कुठलं दिसतं. ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली.

"नाई आहे तेथं."

"आहे व बाई. मिलच्या मागं आहे."

ओमेश्वर तिला सायकलवर बसवून मिलच्या पलीकडे घेऊन गेले. पलीकडे दुसरी मिल होती. परत आल्यावर रिंकी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, तेथूनबी उठवलं का त्याले?"

त्याच घटकेला मी ठरवलं, हिला ध्रुव दाखवायचा.

तिच्या शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, नागपुरात गांधीसागर तलावाजवळ तारांगण आहे, घुमटाखाली बसवतात आणि दिवसाउजेडी सगळं आभाळ दाखवतात. तीनचा खेळ धरा, म्हणजे साडेपाचच्या गाडीनं परत येता येईल. मी ओमेश्वरांना बजावलं, "यावेळी कोणालेच सांगायचं नाई. उतरायचं, प्राणी पाहायचे, तारांगण पाहायचं, परत. एकही पोहा खायचा नाई."

"अन थैली?"

"थैलीचं मी पाहते."

पौषातल्या एका रविवारी निघालो. मामाजींनी थैली दिलीच, वरून सुतळीनं तोंड बांधून. मी मनात योजलं होतं की तलावाजवळच्या एखाद्या देवळात अन्नदानाला देऊन टाकू, म्हणजे तांदूळही परत यायचा नाही आणि दिवसही आपला राहील. पण नव्या तांदळाचा वास सुतळीनं थोडाच बांधला जातो? तिरोड्याच्या पुढे समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं नाक वर केलं.

"नवा तांदूळ होय ना? कोण्या गावचे?"

"मुर्री," ओमेश्वर बोलून गेले. मी त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"मनीरामचा पोरगा तू? अरे, मी गुलाबचंद. तुझ्या शामकला आत्याच्या शेजारी राहतो." त्यांनी खिशातून मोबाईल काढला, कानाला लावला आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शामकलाबाई, तुमचा भासा, मनीरामचा पोरगा, येऊन राहिला. पोरंबाळंबी आहेत. हो, हो, थैली आहे."

रिंकीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

अकरा वाजता नागपूरच्या अलीकडच्या इतवारी स्टेशनवर आत्याबाई उभ्याच. आम्ही नागपूर स्टेशनला उतरणार होतो, पण त्या डब्यातच चढल्या, धनेंद्रला कडेवर घेतलं आणि उतरल्या. पोर गेलं तिथं आम्ही जाणारच.

"चोरासारखे जाऊन राहिले होते का रे ओम्या?" घरी पोचेपर्यंत त्या एवढंच तीन वेळा म्हणाल्या.

आत्याबाईंचा जीव मोठा, आवाज त्याहून मोठा. बारा वाजेपर्यंत त्यांनी गल्लीतले आणि पलीकडच्या मोहल्ल्यातले सगळे नातेवाईक गोळा केले. मी पोह्याच्या बशा मोजणं सोडून दिलं. नवा तांदूळ चुलीशेजारी मोकळा झाला, वांगी चिरली गेली, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. एक वाजला. सव्वा वाजला. मी ओमेश्वरांना खूण केली. ते कसेबसे म्हणाले, "आत्या, आम्हाले जरा तीन वाजता..."

"तीन वाजता खीर आहे," आत्याबाई म्हणाल्या.

रिंकी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं पोह्याला हात लावला नव्हता.

"काऊन व, कायले रुसून बसली ही पोरगी?" आत्याबाईंनी विचारलं.

"तिले ध्रुव पाहायचा आहे," मी म्हणाले. "सावित्रीबाईंचं कीर्तन ऐकलं, तेव्हापासून दुसरं काही नाही."

कीर्तन म्हटल्याबरोबर आत्याबाईंचा चेहरा बदलला. त्याही आमच्यातल्याच. लग्नाआधी गावातल्या भजनात झांज त्यांच्याच हाती असायची, हे मी मामाजींकडून ऐकलं होतं.

"असं? मंग म्हणून दाखव बरं थोडं."

मला वाटलं, रिंकी तोंड लपवील. पण ती उठली. खुंटीवरचा टॉवेल तिनं उपरण्यासारखा खांद्यावर घेतला, धनेंद्रच्या हातात पातेल्यांची दोन झाकणं दिली आणि सावित्रीबाईंसारखा उजवा पाय पुढे टाकून उभी राहिली. झाकणं वाजली. लोक हसले. मग तिनं सुरुवात केली, आणि हसणं हळूहळू थांबलं.

राजा, त्याच्या दोन राण्या, मांडीवर बसायला आलेलं लेकरू. तिला पदं येत नव्हती, तिथं ती नुसतं "विठ्ठल विठ्ठल" म्हणे आणि पुढे जाई. "अन त्याच्या मायनं म्हटलं, बाबू, या मांडीवरून उठवलं तर उठवलं. देवाच्या मांडीवरून कोणी उठवत नाई. तर तो निघाला. एकटाच निघाला. रानात वाघ होता, साप होता. तो एका पायावर उभा राहिला." ती स्वतः एका पायावर उभी राहिली. धनेंद्र झाकणं वाजवायचं विसरला. आत्याबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला.

मग रिंकी थांबली. पाय खाली ठेवला.

"पुढं?" गुलाबचंद म्हणाले.

"पुढचं मले माहीत नाई. देवानं त्याले जागा दिली म्हणतात. मी ऐकलंबी नाई अन पाहिलीबी नाई. तेथं गेल्याशिवाय कशी सांगू?"

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजायला आले होते. आणि मला सावित्रीबाईंचं बोलणं आठवलं, जणू त्यांनीच माझ्या मागे उभं राहून सांगितलं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आख्यान अर्ध्यावर आहे. लेकरू रानात उभं आहे."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग रिंकीकडे. मग शिजत आलेल्या भाताकडे. कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला यातून सुटका नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"डबे काढा," त्या म्हणाल्या.

"अन जेवण?" गुलाबचंद म्हणाले. "पानं तर वाढा आधी."

"ध्रुव रानात एका पायावर उभा आहे, अन तुम्हाले वांग्याची भाजी सुचून राहिली? चला उठा."

"सगळेच?"

"ऐकलं सगळ्यांनी. मंग सगळेच."

तीन ऑटोत आम्ही अकरा जण बसलो. भाताचं पातेलं आत्याबाईंच्या मांडीवर, भाजीचे डबे गुलाबचंदांच्या, आणि वाजवायची झाकणं धनेंद्रच्या हातात. आत्याबाई नागपुरात बावीस वर्षं राहत होत्या. वाटेत त्या ओमेश्वरांना म्हणाल्या, "मी तलावापाशी कधी आलीच नाई रे. पाहुणे येतेत, पाहुणे जातेत. कोणी म्हटलंच नाई, आत्या चल."

तीनला पाच कमी असताना तिकिटं हातात पडली. मी एवढी पळाले होते की वहाणेचा अंगठा तुटला होता. पातेलं आणि डबे बाहेर पहारेकऱ्याजवळ ठेवले. त्यानं झाकण उचलून वास घेतला आणि म्हणाला, "जल्दी आना, नहीं तो मेरा भरोसा नहीं."

आत गोल घुमट, मागे झुकणाऱ्या खुर्च्या. दिवे हळूहळू मंद झाले, आणि वर असं आभाळ उघडलं की धनेंद्र "आईऽ" म्हणून माझ्या कुशीत शिरला. मुर्रीला मी नवरी म्हणून आले तेव्हा असं आभाळ दिसायचं. मध्ये इतक्या मिली झाल्या की मी विसरूनच गेले होते. आवाज सांगू लागला, हे सप्तर्षी, ही शर्मिष्ठा. मग एका ताऱ्यावर बाण आला. हा ध्रुव. आता पाहा.

आणि सगळं आभाळ फिरायला लागलं. सगळे तारे सरकले, काही घुमटाच्या कडेखाली बुडाले, दुसरे वर आले. तो एकटा होता तिथंच होता. फार मोठाही नव्हता. रिंकीनं बोट वर केलं ते खाली घेतलंच नाही. तारे त्याच्याभोवती एक फेरा फिरले.

"आई," ती म्हणाली. तिला वाटलं ती हळू बोलली, पण घुमटानं तिचं बोलणं सगळ्यांपर्यंत नेलं. "बसून आहे तो. कोणीच नाई उठवलं."

पलीकडून अंधारात आत्याबाईंनी नाक ओढलं.

खेळ संपल्यावर तलावाच्या काठावर, उतरत्या उन्हात, कीर्तन पुरं झालं. रिंकी पायरीवर उभी राहिली. देवानं ध्रुवाला विचारलं, काय पाहिजे, तर तो म्हणाला, एक जागा पाहिजे, कोणी उठ म्हणणार नाही अशी. सावित्रीबाईंनी हे असंच सांगितलं होतं का, मला माहीत नाही. फिरायला आलेली चारदोन माणसं थांबली, एका फुगेवाल्यानं टाळ्यांनी ताल धरला. आत्याबाईंनी पातेल्याची झाकणं धनेंद्रकडून मागून घेतली आणि बावीस वर्षांनी झांजेसारखी वाजवली. गजर झाला तेव्हा त्यांचाच आवाज सगळ्यांत वर होता.

मग पानं वाढली. नव्या तांदळाचा भात, कोमट झालेला, वर वांग्याची भाजी. अकरा जणांत चार घरं होती. सगळ्यांनी एकाच थैलीतला तांदूळ एकाच ठिकाणी बसून खाल्ला. कुणाच्याही घरी जायचं राहिलं नाही. पहारेकऱ्यालाही पान गेलं. प्राणिसंग्रहालय त्याही वेळी राहिलं, आणि धनेंद्र म्हणाला, "आता हत्ती पुढल्या वेळी." गुलाबचंद म्हणाले, "पुढल्या वेळी डायरेक्ट तेथंच पातेलं नेऊ."

साडेपाचची गाडी मिळाली. रिकामी थैली माझ्या काखेत होती.

घरी पोचलो तेव्हा मामाजी ओट्यावर वाट पाहत बसले होते. त्यांनी आधी थैली पाहिली, घडी मोडून आत हात घालून पाहिला, आणि समाधानानं मान हलवली. धनेंद्र धावत जाऊन त्यांच्या मांडीवर चढला. रिंकी मागून आली आणि नेहमीसारखी बाजूला उभी राहिली, पण या वेळी तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला नाही.

"दिसला का व ध्रुव?"

"दिसला." तिनं मिलच्या दिव्यांकडे, त्यांच्याही वर, बोट केलं. "तेथं आहे. आपल्याले दिसत नाई, पण बसून आहे. आबाजी, त्यानं देवाले जागा मागितली. न मागता नसती भेटली."

रिंकी त्यांच्यासमोर येऊन सरळ उभी राहिली.

"आबाजी, सरका," ती म्हणाली. "मलेबी बसायचं आहे."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, जणू त्या मुलीची उंची त्यांना आज पहिल्यांदा दिसली. मग त्यांनी धनेंद्रला उचलून एका गुडघ्यावर केलं, धोतर सावरलं आणि दुसरा गुडघा थोपटला.

"ये," ते म्हणाले. "अन ते कीर्तन पहिल्यापासून सांग. मी अख्ख्या सप्ताहात डुलकी घेऊन राहिलो होतो."

रिंकी बसली. धनेंद्र झाकणं आणायला आत पळाला. ओमेश्वर हात धुवायला निघाले होते, मी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. जेवण नंतर. आख्यान सुरू होत होतं.