बोलता खांब

खांद्यावर उभं राहून कुणाला ‘अहो’ म्हणता येत नाही. म्हणून आमच्यात लग्नाआधीपासूनच अरे-तुरे. रंगमंचावर तो खाली, मी वर. कसरतीच्या जगात त्याला सगळे ‘खांब’ म्हणतात, आणि खांब बोलत नाही, हा आमच्या खेळाचा पहिला नियम. तो गुडघे वाकवतो, छाती भरून श्वास घेतो आणि कोंडतो. त्याच्या मांडीवर टेकवलेल्या माझ्या तळपायाला ते दगड होणं जाणवतं. मग मी चढते. तो श्वास पुरेल तेवढंच आमच्या मनोऱ्याचं आयुष्य.

त्याच श्वासानं घात केला, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. त्याच्या मूळव्याधीच्या कोंबांना त्यांनी रबराच्या इवल्याशा कड्या घातल्या होत्या. पुढच्या तपासणीपर्यंत त्या गळून पडल्या होत्या आणि जखम भरत आली होती.

“पुढच्या खेळाला विमानानं जाऊ ना?” त्यानं विचारलं.

“जा की. पण ठिय्या देऊन बसू नका. उठा, फिरा, पाणी प्या.”

“आणि वजन?”

“किती?”

“बायकोचं वजन चारचौघांत विचारतात का, बाई?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला काट्यावर ठेवल्यासारखं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “हा आठवडा अजिबात नको. त्यानंतर उचला, पण श्वास कोंडून नाही. उचलताना तोंडानं बोलता येत असेल, तर ठीक चाललंय असं समजा. रक्त दिसलं, तर तिथंच थांबायचं.”

माशाला पाणी सोडून पोहायला सांगावं, तसं त्याचं झालं.

घरी मुलगा वाट पाहत होता. दौऱ्यांची सगळी व्यवस्था तोच बघतो, आणि खांदे बापापेक्षा रुंद.

“बाबा, या वेळी तुम्ही घरी बसा. आईला मी उचलतो.”

“अरे, बसणंच तर जमत नाहीये!”

मुलगा हसला नाही. आयोजकांना त्यानं कळवूनही टाकलं होतं: बाबांची पाठ धरलीय, खांब मीच. “आणि पुढचे खेळही मीच केले, तर बिघडलं काय?”

काहीच बिघडणार नव्हतं. तेच भयंकर होतं. एकदा काढलेला खांब पुन्हा त्याच जागी कुणी रोवत नाही. आणि दुसऱ्या खांद्यांवरून जग पाहायची मला मुळीच हौस नव्हती.

“पाठ कशाला?” मी विचारलं. “दुखतं त्या जागेचं नाव घ्यायला काय धाड भरलीय?”

“आई, लोक हसतील.”

“हसू देत. तिकीट काढून येतात ते.”

आठवडा सरला. निघायच्या आदल्या दिवशी बैठकीतलं टेबल भिंतीला लावून आम्ही दोघं उभे राहिलो, मी त्याच्या मांडीवर पाय टेकवला. तो मोठ्यानं आकडे मोजू लागला. एक. दोन. तिसऱ्या आकड्याला आवाज विझला, आणि मांडीचा तो जुना दगड माझ्या तळपायाखाली परत आला. मी उतरले.

“श्वास धरलास.”

“सवय आहे गं. हाडांत गेलीय.”

“मोजू नकोस. बोल.”

“काय बोलू?”

“मला काय ठाऊक? घरात दिवसभर टकळी चालू असते, तेव्हा विचारतोस का?”

विमानात पट्ट्यांचा दिवा मालवला, तसा तो उठून मधल्या वाटेत येरझाऱ्या घालू लागला. हवाई सेविकेनं अदबीनं जागेवर बसायला सुचवलं.

“मूळव्याधीचा उपचार झालाय, बाई. फिरायला सांगितलंय.”

त्याचा आवाज रंगमंचावर कधीच खर्ची पडला नव्हता, कोरा, खणखणीत. मागच्या चार रांगांनी माना वळवल्या. मुलानं टोपी नाकापर्यंत ओढली. मग खिडकीजवळचे एक स्थूल गृहस्थ उभे राहिले.

“माझं दोनदा झालंय, साहेब. थांबा, मीही येतो!”

ढगांच्या पाठीवरून दोघे जण, सकाळचा फेरफटका मारावा तसे, शेपटीकडून पंखांकडे चालत राहिले.

नाट्यगृहात आयोजकांनी काळजीनं विचारलं, “पाठ कशी आहे?”

“पाठ ठणठणीत. दुखणं खालच्या मजल्यावर होतं. खांब मीच.”

तरी मुलगा पोशाख चढवून पडद्याआड उभा राहिला. बाप अडखळला, तर तो पुढे येणार होता.

दिवे आले. त्यानं गुडघे वाकवले. मी पाय टेकवला आणि त्या दगडाची वाट पाहिली. तो आला नाही. खाली काहीतरी उबदार, हलतं, जिवंत होतं. माझा पाय क्षणभर तिथंच थबकला.

“चढ,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “आणि निघताना नळ बंद केलास का?”

अंधारात कुणीतरी फिसकन हसलं. मी चढले. कमरेवर एक पाय, खांद्यावर दुसरा. वरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी तोंड उघडलं.

“केला. पुढे बघ.”

“पुढेच बघतोय. तिसऱ्या रांगेतले काका झोपलेत.”

“तुझ्या गप्पा ऐकून झोपले असतील.”

सभागृहात हशा पिकला. त्या हसण्याच्या लाटा त्याच्या खांद्यांतून माझ्या तळपायांत चढत होत्या, आणि मधल्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा श्वास बाहेर पडत होता, आत येत होता. मी हात पसरले. नेहमीची उतरायची वेळ आली आणि गेली. पडद्याआडून मुलगा हातवारे करत होता: पुरे, उतर, उतर.

“दुखतंय?” मी विचारलं.

“नाही. उतरायचंय तुला?”

इतकी वर्षं आमचा मनोरा एका श्वासाच्या मापाचा होता. आज खाली श्वासामागून श्वास येत होता.

“नाही,” मी म्हणाले. “तू बोलत राहा.”